दुसरा उंचवटा

मी साखर शिजवणारा माणूस. कारखान्यात आमच्या कामाला पॅनमन म्हणतात. उसाचा रस आटवून जो पाक होतो, तो वरच्या मजल्यावरच्या एका भल्यामोठ्या बंद भांड्यात घेतात. त्या भांड्याला पॅन म्हणायचं. त्यात साखरेचा दाणा वाढवायचा आणि तो नेमका तयार झाला की पॅन खाली सोडायचा. दाणा झाला की नाही, हे ठरवायचं पॅनमननं. बाजूच्या नळीतून चमचाभर नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा आणि बोटानं चोळून बघायचा. नव्वद सालानंतर आमच्याकडे काटे आले, मीटर आले, लाल-हिरवे दिवे आले. मी त्यांच्याकडे बघायचो, नाही असं नाही, पण ऐकायचो ते माझ्या बोटाचंच. माझ्या बोटाचं कारखान्यात नाव होतं आणि मला त्याचा चांगलाच माज होता.

लहानपणी मला एकदा सांधे सुजून ताप आला होता. गावातल्या वैद्यानं लेप लावला, महिनाभरात ताप गेला आणि सगळे विसरले. त्या तापानं जाता जाता हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती, हे कळायला तीस वर्षं लागली. चाळिशी ओलांडल्यावर पॅनचा जिना चढताना धाप लागायला लागली. मग कधी कधी छातीत फडफड व्हायची, डालग्यात कोंबडी घाबरल्यासारखी. पाच मिनिटं बसलो की थांबायची. पुढं पुढं बसलो तरी थांबेना. मी कुणाला बोललो नाही. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबायचो आणि खाली कुणी बघितलं तर पाइप तपासतोय असं दाखवायचो.

माझा जोडीदार पॅनमन माझ्या बायकोच्या गावचा, बिद्रीकडचा. त्यामुळं तो मला दाजी म्हणायचा आणि तिला अक्का. त्याला त्या पाइपचं कौतुक जास्त दिवस पटलं नाही. तो एका सुट्टीच्या दिवशी घरी आला, चहा प्यायला आणि माझ्यादेखत म्हणाला, "अक्का, दाजी रोज त्योच पाइप तपासत्यात. पाइपला कायबी झाल्यालं न्हाय."

दुसऱ्या दिवशी बायकोनं मला शाहूपुरीतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडं उभं केलं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. डॉक्टर म्हणजे पस्तिशीच्या एक बाई, बोलायला मऊ आणि ऐकून घ्यायला अजिबात तयार नसलेल्या. त्यांनी छातीवर थंडगार जेली लावून यंत्र फिरवलं आणि पडदा आमच्याकडं वळवून समजावलं. हृदयाचे वरचे दोन कप्पे आधी आवळतात आणि खालच्या कप्प्यांत रक्त ढकलतात. माझे वरचे कप्पे आवळतच नव्हते, नुसते थरथरत होते. झडप अरुंद झाल्यामुळं वरचा कप्पा फुगला होता आणि त्यातली वीज वाट चुकून कशीही पळत होती. पडद्यावर प्रत्येक ठोक्याला एक उंचवटा दिसत होता. त्या म्हणाल्या, "निरोगी माणसाला इथं दोन दिसतात. पहिला मोठा, रक्त आपोआप उतरतं त्याचा. दुसरा लहान, वरचा कप्पा आवळतो त्याचा. तुमचा दुसरा गेलाय, काका."

ऑपरेशन करायला हवं होतं. झडप दुरुस्त करायची आणि त्याच वेळी वरच्या कप्प्यात चटके देऊन रेघा पाडायच्या, म्हणजे भटकणारी वीज त्या रेघांपाशी अडते आणि सरळ वाटेनं जाते. मी सगळं नीट ऐकलं आणि म्हणालो, "पट्टा पडू दे, मग बघू."

आमच्याकडं गळिताचा हंगाम संपला की पट्टा पडला म्हणतात. तेव्हा फेब्रुवारी चालला होता. डॉक्टरांना आधी कळलंच नाही हा कुठला पट्टा. बायकोनं समजावल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पण माझ्या डोक्यात हिशेब पक्का होता, आणि तो आमच्यासारख्या कारखान्याच्या माणसाच्याच डोक्यात येऊ शकतो. हंगाम संपला की आम्ही सगळी यंत्रं उघडतो. पॅन घासतो, नळ्या बदलतो, झडपा दुरुस्त करतो, पाणी भरून दाबाची चाचणी घेतो. दसऱ्याला बॉयलर पेटतो तेव्हा सगळं पुन्हा जागच्या जागी असतं. मलाही तसंच उघडतील, साफ करतील, बंद करतील, आणि मोळी पडेल, म्हणजे उसाची पहिली मोळी टाकून नवा हंगाम सुरू होईल, तेव्हा मी पॅनवर हजर. गोळ्यांवर मी एप्रिलपर्यंत काढले. पाय सुजले, रात्रपाळी बंद झाली, तरी ओढले. आज वाटतं, तो शुद्ध गाढवपणा होता. हृदय अजून थकलं असतं तर सर्जनला करायला काही उरलं नसतं, असं डॉक्टरांनी पुढं मला स्पष्ट सांगितलं.

ऑपरेशन मे महिन्यात झालं, आपल्या गावातच. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मी झोपलो होतो. जाग आली तेव्हा छातीवर घोड्यानं पाय ठेवल्यासारखं वाटत होतं आणि बायको पायाशी उभी राहून नर्सला विचारत होती, "ह्यास्नी बोलायला कवा येतंय?" नर्स म्हणाली, संध्याकाळी. "असूं दे, गडबड न्हाय," बायको म्हणाली. तिला मी बोललो नाही तरी चालणार होतं, जगलो म्हणजे झालं.

घरी आलो तशी माणसांची रीघ लागली. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. कुणी अंडी आणली, कुणी मटणाचा पांढरा रस्सा डब्यातून आणला, कुणी शेतातली मेथी, पोकळा, अंबाडी पोत्यानं आणली. आणि मला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. वरचा कप्पा नीट आवळत नसेल तर त्यात रक्त साकळून गाठ होते, म्हणून ती गोळी. पालेभाजी एकदम जास्त खाल्ली तर गोळीचा जोर उतरतो, एकदम सोडली तर चढतो. डॉक्टरांनी सांगितलं, दर आठवड्याला सारखीच खा. बायकोनं मंगळवार आणि शुक्रवार ठरवले, एक वाटी मोजून. बाकीची भाजी गल्लीत वाटली. आमच्या आजारपणात गल्लीची तब्येत सुधारली.

चौथ्या आठवड्यात पुन्हा छातीत फडफड सुरू झाली आणि दोन दिवस राहिली. माझा धीर सुटला. डॉक्टर म्हणाल्या, सुरुवातीचे तीन महिने असं होतं, चटक्यांच्या जखमा ओल्या आहेत, आताच निकाल लावायचा नाही. गोळी बदलली. तिसऱ्या दिवशी फडफड गेली ती गेलीच. मग मी मनगटावर बोट ठेवून बसायला लागलो. ठोका सरळ लागत होता, एकामागं एक, एकही चुकत नव्हता. सकाळी बघायचो, जेवून बघायचो, चालून आल्यावर बघायचो. ऑगस्टात तपासणीची तारीख आली तोवर माझ्या बोटानं मला पूर्ण बरा करून टाकलं होतं. तपासणीला जायच्या आदल्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले.

डॉक्टरांनी यंत्र फिरवलं. ठोका सरळ होता. पडद्यावर उंचवटा मात्र एकच होता.

मी म्हणालो, यंत्रात काही बिघाड असेल. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वीज वाटेवर आली, काका. पण तो स्नायू कितीतरी वर्षं नुसता थरथरलाय. त्याला आवळायचं आठवायला वेळ लागेल. सहा महिने, कधी वर्ष. कधी नाहीच आठवत." आणि जोवर आठवत नाही तोवर गोळी चालू. गोळी चालू तोवर पॅनच्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही. लोखंडी जिने, वाफेचे पाइप, काचा, एकदा कापलं किंवा पडलो तर रक्त थांबणार नाही. म्हणजे माझी नोकरी, माझं नाव, माझं बोट, सगळं त्या एका लहान उंचवट्यावर येऊन टेकलं होतं. कारखान्यानं मला प्रयोगशाळेत बसून करायचं काम देऊ केलं. बायको मला वाटेत म्हणाली, "आता पॅनचं नाव काढायचं न्हाय घरात. कळलं?"

मी हो म्हणालो. मोळी पडेपर्यंत पाळलंही.

आमच्यात रीत अशी की हंगामाच्या पहिल्या पॅनचा पहिला नमुना सगळ्यात जुन्या पॅनमननं काढायचा. नारळ फोडायचा, हळदकुंकू लावायचं आणि त्यानं काच दिव्यासमोर धरून सांगायचं, दाणा धरला. गेली सात वर्षं तो मान माझा होता. मोळी पडली, दोन दिवसांनी पहिला पॅन लागला, आणि त्या सकाळी मी बायकोला सांगितलं की रंकाळ्यावर फिरून येतो. फिरायला म्हणून निघालेला मी थेट कारखान्याच्या बसमध्ये जाऊन बसलो.

जिना मी न थांबता चढलो. धाप लागली नाही. त्या आनंदात मला काही सुचत नव्हतं. जोडीदार मला बघून आधी खूश झाला आणि मग त्याला अक्काची आठवण झाली. "दाजी, निसतं बघायचं हां," तो म्हणाला. मी नारळ फोडला, नमुना काढला आणि काचेची पट्टी उचलली. गेल्या हंगामातली जुनी पट्टी, कोपऱ्याचा टवका उडालेली. बोट चोळताना अंगठा त्या कोपऱ्यावर घासला. एरवी असं कापलं की आम्ही चोखून टाकतो आणि कामाला लागतो. त्या दिवशी रक्त थांबेना. काच लाल झाली, पंचा लाल झाला. जोडीदारानं माझा हात वर धरून ठेवला, दुसऱ्या हातानं फोनवर जीप बोलावली आणि मला म्हणाला, "साखर पांढरी काढायची असती दाजी, तांबडी न्हवं." तो चेष्टा करत होता, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तीन टाके पडले. रक्त तपासलं तर ते हवं त्यापेक्षा बरंच पातळ निघालं. बायको दवाखान्यात आली, टाके बघितले, गोळीचा नवा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मेथी वेळेवर, गोळी वेळेवर, बोलणं नाही. पाचव्या दिवशी ताटं वाढताना म्हणाली, "तुमचं बोट तेवढं शाणं. बाकी घरात माणसं न्हाईत." मला खूप लाज वाटली. ज्याला तीन टाक्यांनी भागलं त्याला त्याहून वाईटही काही होऊ शकलं असतं, आणि ती ते एकटीच्या मनात धरून बसली होती. मी तिची माफी मागितली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि माझ्या आठवणीत ती पहिलीच.

त्यानंतर मी खरोखरच बरा व्हायला लागलो, असं मला वाटतं. प्रयोगशाळेत स्टुलावर बसून नमुने तपासायचं काम घेतलं. ती जागा खाली होती, जिना नाही, वाफ नाही. सुरुवातीला अपमान वाटला. मग मीटरवरचे आकडे रोज बघता बघता लक्षात आलं की मीटर बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि मी वर असताना त्याला उगाच शिव्या घालायचो. हे मी जोडीदाराला सांगितलं नाही.

हिवाळा चांगला गेला. पाळ्या नव्हत्या, त्यामुळं संध्याकाळी घरी असायचो. हंगामात संध्याकाळ कशी असते हे मी नोकरी लागल्यापासून बघितलंच नव्हतं. पाच वाजता बायको आणि मी चालायला निघायचो. वाटेत म्हशी पिळून समोरच दूध देतात त्या कट्ट्यावर थांबायचो. ती पूर्ण ग्लास घ्यायची, मला अर्धा. दूधवाला रोज विचारायचा, "पावणं, तुमचा निम्मा का?" आणि ती रोज सांगायची, "निम्म्यानंच चालतंय त्येंचं." मग घरी येऊन ती पुस्तक घेऊन बसायची. माझी बायको वाचते, दर आठवड्याला वाचनालयातून पुस्तक आणते, हे मला माहीत होतं, पण ती वाचताना मोठ्यानं हसते हे मला त्या हिवाळ्यात कळलं. मग मीही तिच्या शेजारी बसून वाचायला लागलो, आणि पुढं लिहायलाही लागलो, त्याची सुरुवात तिथलीच.

मध्ये नोव्हेंबरात दुसरी तपासणी झाली. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. पहिल्या उंचवट्याच्या मागं एक पुसटशी रेघ होती. मी म्हणालो, "हाच तो." त्या म्हणाल्या, "असेलही. पण मी हो म्हणणार नाही." मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दाणा पुरता झाला नसताना वरून कितीही घाई केली तरी मी कधी पॅन सोडला नव्हता. बाईंना आपलं काम येतं, एवढंच मनात आलं. घरी जाताना बायको हातातली कापडी पिशवी सावरत नेहमीपेक्षा हळू चालत होती. मला वाटलं दमली असेल.

मार्चच्या मध्याला तिसऱ्यांदा गेलो. बाहेर ऊन कडक होतं, आत पंखा खडखडत होता. हंगाम संपायला तीनेक आठवडे उरले होते. मी टेबलावर आडवा झालो, जेली लावली, डॉक्टरांनी यंत्र टेकवलं. मी छताकडं बघत राहिलो. खरं सांगतो, मला पडद्याकडं बघायचा धीर नव्हता. या खेपेला नाही म्हणाल्या तर पुढच्या हंगामाचंही सोडून द्यायचं, असं मी मनाशी ठरवून आलो होतो. प्रयोगशाळेतलं स्टूल वाईट नव्हतं, अर्धा ग्लास दूधही वाईट नव्हतं. पण माणसाला जे येतं ते करायला मिळावं असं वाटतंच.

बायको पुढं झाली. "डॉक्टर, त्यास्नी नको, मला दावा."

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं वळवला. ती पडद्याशी वाकली. मग बायकोनं विचारलं, "ह्यो मागचा बारका?"

"हो."

"ह्यो पयला न्हवता की."

"नव्हता. आता प्रत्येक ठोक्याला येतोय. बघा, एक, दोन. एक, दोन."

"लईच बारका हाय."

"लहान आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण आवळतोय. आणि वाढेल अजून."

मी मान वळवून बघितलं. मोठ्या उंचवट्याच्या मागं एक छोटा उंचवटा, मग परत मोठा, मग परत छोटा. माझे डोळे भरून आले आणि आडवा असल्यामुळं पाणी सरळ कानांत उतरलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, दोन आठवडे गोळी कमी करायची आणि मग बंद. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बंद झाल्यावर पॅनवर जा, काका. तोवर खाली. पण आजपासून कारखान्यात जिना चढून वर जाऊन नुसतं उभं राहायला माझी हरकत नाही. काचेला हात लावायचा नाही."

मी शर्टाची बटणं लावत होतो. बायकोनं खुर्चीखाली ठेवलेली कापडी पिशवी उचलली आणि माझ्यापुढं धरली. आत माझा खाकी गणवेश होता, धुतलेला, इस्त्री केलेला, खाली कागदात गुंडाळलेले बूट.

"तीनची बस घावती," ती म्हणाली. "दुसरी पाळी हाय तुमच्या जोडीदाराची."

मी पिशवी हातात घेतली. मी म्हणालो, "तुला आधीच म्हाईत हुतं व्हय?"

"मला कुठनं म्हाईत? मागच्या दोन्ही टायमाला बी आणलता."

"आगं, ऑगस्टात तर कारखाना बंद हुता!"

"मग? डॉक्टर जावा म्हणाल्या असत्या, आन् कपडं घरात ऱ्हायली असती तर?"